बरी झालेली बाई का धावते?

आपल्या किनाऱ्यावर धावपळ काही नवी नाही. होडी बंदराला लागली, की पाटी घेऊन कोळणी धावतात. एसटी सुटायच्या बेतात असली, की आपण पिशवी सावरत धावतो. अंगणात सुकट वाळत घातली असावी आणि अवकाळी सर यावी, मग तर सारे घर धावते.

या सगळ्या धावण्याला पोटाचे कारण असते. पण काही कारण नसताना कोणी धावताना दिसले, तर आपल्याला हसू येते. त्यातून ती बाई असली, पन्नाशीला आलेली असली, तर लोक म्हणतात, "अगो बाय, हिला काय झालंय?"

आता आम्ही तुम्हांला खरोखर घडणारी एक गोष्ट सांगतो. दर वर्षी जानेवारी महिन्यात मुंबईत एक मोठी धाव होते. ती २००४ साली सुरू झाली. तिला मॅरेथॉन म्हणतात. पुरी मॅरेथॉन ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर असते. अलिबागहून रेवदंड्याला जाऊन परत यावे, तरी तेवढे अंतर भरत नाही. ज्यांना एवढे जमत नाही, त्यांच्यासाठी २१ किलोमीटरची, १० किलोमीटरची आणि सुमारे ६ किलोमीटरची धाव असते. हजारो माणसे धावतात. त्यांत म्हातारी असतात, तरुण असतात. हातापायांनी अधू असलेलीही असतात.

आणि त्या गर्दीत काही बाया अशा असतात, की त्यांना एकदा स्तनाचा कॅन्सर झालेला होता. त्यांचे ऑपरेशन झाले. औषधांनी डोक्यावरचे केस गेले. घरातल्यांनी आशा सोडली होती. त्याच बाया आता धावतात. त्या बक्षिसासाठी धावत नाहीत. दुसऱ्या आजारी बायकांच्या औषधपाण्यासाठी पैसे जमावेत, म्हणून धावतात.

हे ऐकून कोणीही तीन प्रश्न विचारील. धावून पैसे कसे जमतात? एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलेली बाई धावते कशी? आणि मुंबईत कोणी धावले, त्याचे आपल्याला काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपण एकेक करून पाहू.

धावून पैसे कसे जमतात?

धावणाऱ्या बाईला कोणी मजुरी देत नाही. मग पैसे येतात कोठून?

आपल्याच चालीरीतीतले उदाहरण घेऊ. शिमग्याला देवाची पालखी घरोघर फिरते. पालखी दारात आली, की घरची माणसे ओवाळतात आणि ताटात काही तरी घालतात. ते पैसे पालखी नाचवणाऱ्यांच्या खिशात जात नाहीत. देवळाच्या कामाला जातात. पण पालखी दारात आलीच नसती, तर पैसेही निघाले नसते. नाचवणाऱ्यांनी घाम गाळला, म्हणून गावाचा हात खिशाकडे गेला.

दानासाठी धावणे असेच असते. समजा, एका बाईने ठरवले, की मी दहा किलोमीटर धावेन आणि कॅन्सरच्या गरीब रोग्यांसाठी पन्नास हजार रुपये जमवीन. ती आधी एक संस्था निवडते. ही संस्था सरकारदरबारी नोंदलेली असते. मग ती भावाला सांगते, नणंदेला सांगते, शेजाऱ्यांना सांगते. ज्या कचेरीत काम करते, तिथल्या माणसांना सांगते. ती म्हणते, "मी अमुक दिवशी धावणार आहे. मला हार नको, साडी नको. त्या संस्थेला शंभर द्या, पाचशे द्या." शंभर माणसांनी पाचशे-पाचशे दिले, की पन्नास हजार झाले.

पैसे सरळ संस्थेच्या खात्यात जमा होतात. देणाऱ्याला पावती मिळते. ती बाई पहिली आली की शेवटची आली, याला इथे महत्त्व नाही. ती अर्धी वाट चालत गेली तरी चालते. तिने शब्द दिला होता आणि तो पाळला, एवढे पुरे.

एक सावधगिरी मात्र ठेवा. दानाच्या नावावर फसवणारेही असतात. कोणी वर्गणी मागायला आले, तर संस्थेचे नाव विचारा. नोंदणीचा क्रमांक विचारा. छापील पावती मागा. आता आपल्याला वाचता येते. म्हणून पावतीवर काय लिहिले आहे, ते स्वतः वाचा आणि मगच पैसे द्या. खरी संस्था पावती मागितल्याने रागावत नाही.

लताबाईंची धाव

इथे एका बाईची आठवण येते. बारामती तालुक्यातल्या लताबाई करे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. घरची गरिबी. नवरा आजारी पडला. तपासणीला पैसे नव्हते. तेवढ्यात बारामतीत शर्यत होणार असे त्यांच्या कानावर आले. पहिली येणाऱ्याला बक्षीस होते. लताबाईंची साठी उलटली होती. पायात बूट नव्हते. नऊवारी लुगडे नेसून त्या अनवाणी धावल्या आणि आपल्या वयाच्या गटात पहिल्या आल्या. पुढे त्यांच्या नावाचा मराठी चित्रपट निघाला. तो २०२० साली लागला. त्यात लताबाईंनी स्वतःच काम केले आहे.

लताबाईंचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण आपण थोडा विचारही करू. त्या हरल्या असत्या, तर? नवऱ्याच्या तपासणीचे पैसे आले असते कोठून? आजारी माणसाच्या घरातल्या बाईवर बक्षिसासाठी धावायची पाळी यावी, ही काही चांगली गोष्ट नाही. तिच्यासाठी आणखी चार जणांनी आधीच धावून ठेवले पाहिजे. म्हणजे संकट आले, त्या दिवशी पैसे तयार असतील. दानासाठी धावण्याचा हेतू हाच आहे.

ही चाल कोठून आली?

कॅनडा नावाचा देश आहे. तिथे टेरी फॉक्स नावाचा तरुण मुलगा होता. त्याला हाडाचा कॅन्सर झाला. उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. इस्पितळात त्याने इतर रोगी पाहिले. लहान मुलेही पाहिली. त्याच्या मनाने घेतले, की यांच्यासाठी काही तरी करायचे. १९८० साली एक पाय कृत्रिम लावून तो देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. असा तो १४३ दिवस धावला. ५,३७३ किलोमीटर झाले. मग रोग फुफ्फुसात गेला आणि त्याला थांबावे लागले. १९८१ साली तो वारला. तेव्हा तो फक्त बावीस वर्षांचा होता. त्याच्या नावाने देशोदेशी लोक धावतात आणि कॅन्सरच्या संशोधनाला पैसे देतात. मुंबईतही अशा धावा झाल्या आहेत.

त्याच १९८० साली अमेरिकेत सुसान कोमेन नावाची बाई स्तनाच्या कॅन्सरने वारली. वय अवघे छत्तीस. तिच्या धाकट्या बहिणीचे नाव नॅन्सी. आपण या रोगाविरुद्ध काम करू, असा शब्द नॅन्सीने बहिणीला दिला होता. १९८२ साली तिने बहिणीच्या नावाने संस्था काढली. १९८३ साली डॅलस या शहरात त्या संस्थेची पहिली धाव झाली. सुमारे आठशे जणी धावल्या. आणि दैव पाहा. १९८४ साली नॅन्सीला स्वतःलाच तो रोग निघाला. पण तिला माहिती होती. तिने वेळेवर उपचार घेतले. ती बरी झाली आणि पुन्हा कामाला लागली.

आपल्याकडे २०१२ साली मिलिंद सोमण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत फक्त बायकांची धाव सुरू केली. स्तनाच्या कॅन्सरबद्दल बायकांनी उघड बोलावे, हा तिचा एक हेतू. अंतर तीन किलोमीटरपासून पुढे. कॅन्सरमधून उठलेल्या बायाही तिच्यात येतात. धावायचे म्हणजे विलायती कपडेच हवेत, असे नाही. २०१६ साली मिलिंद सोमण अहमदाबादहून मुंबईकडे धावत येत होते. तेव्हा त्यांच्या आई उषाताई वाटेत त्यांना मिळाल्या आणि साडी नेसून अनवाणी लेकाबरोबर धावल्या. उषाताईंना कॅन्सर नव्हता, पण त्यांची सत्तरी उलटून गेली होती.

जमलेले पैसे कोठे लागतात?

कोणी म्हणेल, सरकारची योजना आहे. मग दानाची गरज काय?

योजना आहे, हे खरे. ती जरूर वापरावी. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गरिबांच्या उपचारांची योजना काढली. ती आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत आपला रायगड जिल्हा होता. आज तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. वर्षाला एका कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. कॅन्सरचे पुष्कळ उपचार तिच्यात येतात. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटावे.

पण आजाराचा खर्च इस्पितळाच्या बिलावर संपत नाही. समजा, श्रीवर्धनकडची एक बाई आहे. ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणाले, आता किरणांचा उपचार, म्हणजे शेक घ्यायचा. हा शेक दर वेळी काही मिनिटांचाच असतो. पण आठवड्यातले पाच दिवस रोज घ्यावा लागतो, आणि असे तीन ते पाच आठवडे चालते. श्रीवर्धनहून मुंबईला रोज जाऊन येणे होईल का? मुरुडहून होईल का? मांडव्याची साधी लाँच पावसाळ्यात बंद असते. एसटीने जायचे तर दिवस मोडतो. मग शहरात राहायचे. खोलीचे भाडे कोण देणार? बाईबरोबर नवरा राहिला, तर त्याची मजुरी बुडाली. घरी पोरांना भाकरी कोण करील?

इथेच घात होतो. रोग बरा होण्यासारखा असतो. औषधही फुकट मिळत असते. पण भाडे, जेवण आणि बुडालेली मजुरी यांपायी उपचार अर्ध्यावर सुटतो. अर्ध्यावर सोडलेला उपचार म्हणजे अर्धी बुजवलेली खांड. भरती आली की पाणी पुन्हा शेतात.

धावून जमवलेला पैसा अशा जागी उपयोगी पडतो. परळचे टाटा मेमोरियल इस्पितळ १९४१ साली उघडले. तिथे देशभरातून रोगी येतात. दादरला संत गाडगेमहाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे कॅन्सरच्या रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना आसरा मिळतो. गाडगेबाबांनी हयातभर हातात खराटा धरला आणि लोकांच्या वर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. चांगल्या कामासाठी लोकांपुढे झोळी पसरण्यात कमीपणा नाही, हे त्यांनीच आपल्याला शिकवले. इंडियन कॅन्सर सोसायटी ही संस्था १९५१ सालापासून काम करते. तपासण्या, उपचाराला मदत, रोग्यांना धीर देणे, अशी तिची कामे आहेत. मुंबईच्या धावेतून अशा संस्थांना निधी मिळतो.

आपल्या जिल्ह्यातही, पनवेल तालुक्यात खारघरला, टाटा मेमोरियलचेच मोठे केंद्र आहे. तिथे संशोधन होते आणि उपचारही होतात. पेण-अलिबागकडच्या माणसाला परळपेक्षा खारघर जवळ पडते.

ऑपरेशन झालेली बाई धावते कशी?

आता दुसरा प्रश्न. स्तनाच्या कॅन्सरवर बहुधा ऑपरेशन करतात. कधी फक्त गाठ काढतात, कधी पुरा स्तन काढतात. काखेतल्या गाठीही काढाव्या लागतात. मग गरजेप्रमाणे सलाइनमधून औषधे देतात, शेक देतात. काही जणींना पाच-दहा वर्षे रोज एक गोळी घ्यावी लागते. औषधांनी केस जातात, पण ते पुन्हा येतात. अंगात त्राण राहत नाही. तोंडाची चव जाते.

पूर्वी लोक म्हणत, "हिने आता खाटेवरच पडून राहावे. हात हलवू नये." आज डॉक्टर तसे सांगत नाहीत. झेपेल तेवढे चालावे, हात हलवत राहावा, असेच ते सांगतात. पडून राहिले तर खांदा आखडतो. मग केस विंचरता येत नाहीत, दोरीवर कपडा टाकता येत नाही. म्हणून ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तेव्हापासून हाताचा व्यायाम करायचा. एक सोपा व्यायाम असा. भिंतीसमोर उभे राहायचे. बोटांनी भिंतीवर हळूहळू वर चढायचे. पाल चढते, तसे. आज कोठवर हात गेला, तिथे कोळशाने खूण करायची. उद्या एक बोट वर.

काखेतल्या गाठी काढल्या, की त्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो. आपल्या कोळणी भगिनींनी हे नीट ध्यानात घ्यावे. विळीवर मासळी कापताना बोट कापते. माशाचा काटा रुततो. एरवी आपण तिकडे पाहतही नाही. पण त्या बाजूच्या हाताला जखम झाली आणि ती चिघळली, तर हात सुजू शकतो. म्हणून त्या हातात रबरी मोजा घालावा. जखम झाली तर लगेच साबणाने धुवावी. हात तांबडा, गरम किंवा जड वाटला, तर डॉक्टरला दाखवावा. घट्ट बांगड्या त्या हातात नकोत.

चालण्याचेही असेच. पहिल्या दिवशी अंगणातल्या अंगणात. मग शेजारच्या घरापर्यंत. मग देवळापर्यंत. रोज दहा मिनिटे जमू लागली, की पंधरा. महिने जातात. एक दिवस बाईच्या ध्यानात येते, की आपण अर्धा तास न थांबता चाललो. धावण्याची सुरुवात तिथून होते. एक मिनिट धावायचे, चार मिनिटे चालायचे. असे पाच-सहा वेळा. हळूहळू धावणे वाढवायचे, चालणे कमी करायचे.

पण आधी डॉक्टरला विचारायचे. काही औषधांचा हृदयावर परिणाम होतो. काहींनी हाडे ठिसूळ होतात. म्हणून कोणाला धावणे चालेल आणि कोणाला चालणेच बरे, हे डॉक्टरच सांगू शकतात. छातीत दुखले, धाप लागली, चक्कर आली, तर थांबायचे. इथे कोणाशी पैज नाही. जिला धावता येत नाही, ती कमी शूर आहे असे मुळीच नाही.

आपल्याला याचे काय?

आता तिसरा प्रश्न, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा.

भारतातल्या बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर सर्वांत जास्त आहे. २०२२ साली देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार बाया त्याने दगावल्या, असा अंदाज आहे. हा रोग लवकर सापडला, तर पुष्कळ जणी बऱ्या होतात. मग एवढ्या बाया का मरतात? मोठे कारण हे, की त्या इस्पितळात फार उशिरा येतात.

उशीर का होतो? गाठ हाताला लागते, पण ती दुखत नाही. न दुखणाऱ्या गाठीसाठी दिवस कोण मोडणार? आणि जागा अशी, की बोलायची लाज. सासूला सांगायचे कसे? नवऱ्याला सांगायचे कसे? पोरगी लग्नाची आहे, लोक काय म्हणतील? बाई गप्प बसते. दिवाळी जाते, शिमगा जातो, पाऊस जातो. गाठ सुपारीएवढी होती, ती लिंबाएवढी होते. मग कातडी फुटते, तेव्हा घरात कळते. आम्ही अशा बाया पाहिल्या आहेत. त्यांना रोगाने गाठले, त्याच्या आधी लाजेने गाठले होते.

आता धावणाऱ्या त्या बाईकडे पुन्हा पाहा. ती चारचौघांत उभी राहते आणि सांगते, "मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. मी बरी झाले." ती तोंड लपवत नाही. तिने जमवलेले पैसे एखाद्या रोग्याच्या उपयोगी पडतील. पण तिने उघड बोललेला शब्द किती घरांत शिरेल, त्याची मोजदाद नाही. कॅन्सर म्हटला की मरण, असे आपण धरून चालतो. तिला धावताना पाहिले, की तो समज आपोआप गळून पडतो. हजार भाषणांनी जे होत नाही, ते एका धडधाकट बाईच्या दर्शनाने होते.

या रोगाविषयी खोटे समज पुष्कळ आहेत. हा रोग शिवल्याने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. तो मागल्या जन्मीचे पाप नाही. कोणाची नजर लागून तो होत नाही. सुईने गाठीचा तुकडा तपासला, तर रोग पसरतो, हेही खोटे. उलट त्या तपासणीनेच रोग आहे की नाही, ते कळते.

रोगाच्या खुणा अशा. स्तनात किंवा काखेत गाठ लागणे. स्तनाची कातडी आत ओढली जाणे, किंवा संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत होणे. बोंडी आत जाणे. बोंडीतून रक्त किंवा पाणी येणे. बोंडीवरचा फोड बरा न होणे. एका स्तनाचा आकार एकाएकी बदलणे. यांतले काही दिसले, म्हणजे कॅन्सरच झाला, असे नाही. बहुतेक गाठी साध्या असतात. पण साधी कोणती आणि वाईट कोणती, हे आपण घरी बसून ठरवू नये. झाडपाल्याचा लेप लावून महिने घालवू नयेत.

तपासणीला मोठी यंत्रेच लागतात, असेही नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा प्रयोग सुरू केला. त्यात दीड लाखाहून जास्त बाया होत्या. दहावी शिकलेल्या साध्या बायकांना हाताने स्तन तपासण्याचे शिक्षण दिले. त्यांनी अर्ध्या बायकांना दर दोन वर्षांनी, चार वेळा, तपासले. वीस वर्षे हिशेब ठेवला. २०२१ साली तो जगापुढे आला. जिथे तपासणी झाली, तिथे रोग लवकर सापडला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फायदा दिसला नाही. पण गाठ कोणत्याही वयात लागू शकते. म्हणून खूण दिसली, की वय मोजत बसू नये.

आपण काय करायचे?

आपल्याला मुंबईला जाऊन धावायला नको. आपल्या गावात करता येतील अशा चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट. तीस वर्षांवरच्या बाईने उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्यावे. तिथे स्तनाची, गर्भाशयाच्या तोंडाची आणि तोंडाची तपासणी होते. जायचे कसे, हे आशाताईला विचारावे. गरज पडली, तर तिथून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात.

दुसरी गोष्ट. घरातल्या पुरुषांनी ऐकावे. बायको म्हणाली, "मला गाठ लागते," तर "बघू पुढल्या महिन्यात" असे म्हणू नये. त्याच आठवड्यात तिला घेऊन जावे. तिच्याबरोबर स्वतः जावे.

तिसरी गोष्ट. गावात कोणी बाई या दुखण्यातून उठली असेल, तर तिला हळदीकुंकवातून वगळू नये. तिच्याशी बोलावे. तिची इच्छा असेल, तर चार बायकांत तिला बोलते करावे. ती सांगेल, ते कोणत्याही पुस्तकात नसेल.

चौथी गोष्ट. बचत गट आपल्याकडे गावोगाव आहेत. गटाने वर्षातला एक दिवस ठरवावा. ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही. त्या वाळूवरून सगळ्यांनी मिळून दोन-तीन किलोमीटर चालावे. ज्यांना धावता येईल, त्यांनी धावावे. प्रत्येकीने दहा-वीस रुपये काढावेत. गावाकडून थोडी वर्गणी घ्यावी. हिशेब वहीत लिहावा आणि तो सगळ्यांसमोर वाचून दाखवावा. ते पैसे बाजूला ठेवावेत. गावातल्या कोणा बाईला तपासणीला जायचे असेल आणि भाड्याला पैसे नसतील, तर ते तिला द्यावेत.

रक्कम लहानच जमेल. दोन हजार, तीन हजार. पण पैशांवाचून एखादीची एसटी चुकायची असेल, तर तेवढ्या रकमेने ती चुकणार नाही. लवकर गेलेली बाई बरी होऊन परत येण्याचा संभव मोठा. आणि पुढल्या वर्षी त्याच वाळूवर ती आपल्याबरोबर चालेल. कदाचित धावेलही. तेव्हा तिला पाहून कोणी हसणार नाही.

प्रश्न

१. दानासाठी धावणाऱ्या बाईने जमवलेले पैसे कोठे जमा होतात?
२. पावतीवर आपण काय वाचून पाहावे?
३. उपचार फुकट मिळाला, तरी रोग्याला आणखी कोणता खर्च येतो?
४. स्तनाच्या कॅन्सरच्या तीन खुणा सांगा.
५. आपल्या गावापासून जवळचे उपकेंद्र कोठे आहे? तपासणीचा दिवस कोणता? विचारून वहीत लिहा.